कथेतल्या परग्रहवासी खलनायकाची कीव येऊ द्यावी का?

पैठणचा_पाटकरी

राम राम मंडळी.

मी हौशी लेखक आहे. दिवसा नोकरी आणि रात्री विज्ञानकथा. ह्या वेळी दिवाळी अंकासाठी एक कथा लिहायला घेतलीय. भर उन्हाळ्यात नाथसागरावर, म्हणजे आपल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, एक भलंमोठं यान येऊन थांबतं आणि पाणी उपसायला लागतं. पातळी रोज हातभर उतरते, धरणाच्या पोटात गेलेली जुनी गावं उघडी पडायला लागतात. पाटबंधारे खात्यातला एक शाखा अभियंता आणि एक भोई मिळून ते यान पाडतात. परग्रहवासी दिसायला ओंगळ, ओलसर, तोंडाच्या जागी नरसाळं. माणसं मेली काय नि जगली काय, त्यांना सोयरसुतक नाही.

मध्ये एक प्रसंग आहे. त्यांच्यातला एक जण नरसाळ्यातून आपल्या पिल्लाला पाणी पाजतो. वाचणाऱ्याला किळस यावी म्हणून मी तो लिहिला. घरच्यांनी वाचलं, मित्रांनी वाचलं, वाचनालयातल्या काकांनी वाचलं. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, 'बिचारे'. वहिनी तर म्हणाल्या की शेवटी यान पडतं तेव्हा फार वाईट वाटलं. अहो, भोयाचा पोरगा मरतो कथेत! त्याचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

हल्ली हौशी कथांमधून परग्रहवासी खलनायक आला की त्याला एक रडकी कहाणी चिकटवायची पद्धतच पडलीय. ग्रह मरतोय, पोरं उपाशी आहेत, नाइलाज झाला. मला हे पटत नाही. दारात येऊन लुटणारा तो लुटारूच. तुम्ही लिहिताना काय करता? आणि पिल्लाचा प्रसंग उडवू का?

कापूसकोंड्या

पाणी न्यायला आलेत म्हणजे वरच्या अंगाचे असणार. आधी नाशिक-नगरकडं चौकशी करा.

साडेतीन_किलो_ज्वारी

वरच्या धरणांनी खाली जायकवाडीला पाणी सोडायचं, ते समन्यायी पाणीवाटप त्यांना लागू आहे का? ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांच्या खाली साठा असेल तर यानातून खाली सोडायला लागेल. नाहीतर कोर्टात भेटू म्हणावं.

पैठणचा_पाटकरी

हसून घ्या. पण उत्तरही द्या.

मास्तर_भौतिक

आधी एक तांत्रिक शंका. पृथ्वीच्या ओढीतून एखादी वस्तू कायमची सोडवायची तर तिला सेकंदाला ११.२ किलोमीटर इतका वेग द्यावा लागतो. एक लिटर पाण्याला हा वेग द्यायचा हिशेब मांडला तर साधारण १७ युनिट वीज होते, तीही यंत्रात काहीच वाया जात नाही असं धरून. एक टीएमसी म्हणजे २८३१ कोटी लिटर. आपला देश वर्षभरात जेवढी वीज तयार करतो, तिच्या पाव हिश्श्याहून जास्त ऊर्जा ह्या पाहुण्यांना एका टीएमसीसाठी लागेल. नाथसागराचा उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या घरात आहे. करा गुणाकार.

एवढी ऊर्जा ज्याच्यापाशी आहे तो तहानलेला कसा राहील? शनीची कडी बहुतांशी बर्फाचीच आहेत. गुरूच्या युरोपा ह्या चंद्रावर बर्फाच्या कवचाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी असावं असा अंदाज आहे. तिथं पंचनामा नाही, मोर्चा नाही, शाखा अभियंता नाही.

हे विषय सोडून बोलतोय असं वाटेल, पण नाही. परग्रहवासी का आला हेच पटलं नाही तर त्याचा रागही टिकत नाही आणि कीवही टिकत नाही. तुमच्या वाचकांनी 'बिचारे' म्हटलं कारण कथेतली तेवढीच एक गोष्ट त्यांना खरी वाटली.

कापूसकोंड्या

लिटरला १७ युनिट? मास्तर, मग ते यान आमच्या डीपीवर चालायचं नाही. दुपारच्या लोडशेडिंगलाच खाली येईल. कथा संपली.

पैठणचा_पाटकरी

मास्तर, हिशेब मान्य. त्यांना पाणी नकोच, पाण्यातलं काहीतरी हवंय असं करता येईल. शेवाळ किंवा गाळ. गाळून घ्यायचं आणि पाणी तिकडंच फवारून द्यायचं. पण मूळ प्रश्न तसाच राहतो की हो.

वारुळातली_मुंगी

मी दुसऱ्या बाजूची. मला कीव येणारे परग्रहवासीच आवडतात. नुसता चिरडायला आलेला प्राणी चार पानांत कंटाळवाणा होतो. पण एक गोष्ट मीच लिहिलेल्या आणि वाचलेल्या कथांबद्दल सांगते. परग्रहवासी चांगला दाखवायचा म्हटलं की आपण माणसं वाईट करून ठेवतो. एक किंचाळणारा लष्करी अधिकारी, एक पैसे खाणारा मंत्री, एक बटण दाबायला टपलेला शास्त्रज्ञ. हे तिघं उभे केले की समोर कुणीही आणा, तो बिचाराच दिसतो. ही कीव काही लेखकानं कमावलेली नसते.

पाटकरींच्या कथेत तसं नाहीये. अभियंता बरा माणूस आहे, भोई बरा माणूस आहे, आणि तरी वहिनींना वाईट वाटलं. मला तर हे भारीच वाटतंय. तुम्ही तक्रार कामून करायलात?

रेणापूरकर

मी ह्या असल्या कथा फारशा वाचत नाही. पण परकं कुणी येऊन आपलं खाऊन जातं तेव्हा कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.

२०२२ च्या जुलैत आमच्याकडं सोयाबीन नुकतं उगवून आलतं. सकाळी रानात गेलो तर तासच्या तास साफ. दोन पानांवरची रोपं बुडापासून कापलेली, आणि ढेकळांवरून वाळलेल्या शेंबडासारखे चकाकणारे पट्टे गेलेले. शंखी गोगलगाय. दिवसा एक दिसणार नाही. बांधाच्या दगडाखाली, पाचोळ्यात दडून बसणार आणि अंधार पडला की निघणार. मग आम्ही गुळाच्या पाण्यात पोती भिजवायचो, तिन्हीसांजेला रानात जागोजागी टाकायचो आणि पहाटे उलटायचो. पोत्याच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या असायच्या. त्या खरवडून मिठाच्या पाण्याच्या बादलीत. बादलीत फेस यायचा, बारीक आवाज यायचा. मालकीण म्हणायची, तिकडं बघू नका. मी बघायचो, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणलेलं होतं.

तेव्हा पाटकरी, तुमचं बरोबर आहे. पिल्लू काढा. ज्याचं रान खाल्लं गेलंय त्याला कीव शिकवू नये.

वारुळातली_मुंगी

काका, तुमचं दुःख समजतं. पण त्याही काही आपण होऊन आलेल्या नाहीत. ही जात मूळची पूर्व आफ्रिकेतली. बेन्सन नावाच्या एका इंग्रजानं १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याला आणून बागेत सोडली, तिथून पसरली.

रेणापूरकर

मग त्या बेन्सनला बादलीत घाला. माझी काही हरकत नाही.

कापूसकोंड्या

ट्विस्ट सुचला! शेवटच्या ओळीत कळतं की कथा गोगलगाय सांगत होती आणि परग्रहवासी म्हणजे रेणापूरकर. बक्षीस घ्यायला कुठं यायचं?

अंकवाली

नका हो! हात जोडते.

नांदेडहून निघणाऱ्या एका छोट्या अंकाचं संपादन बघते मी. पावसाळा सुरू झाला की कथांचे गठ्ठे यायला लागतात आणि त्यात 'शेवटी कळलं की परग्रहवासी म्हणजे आपणच' ही कथा हमखास असते. कधी सांगणारी मुंगी असते, कधी मंगळावरचा कुणीतरी, कधी कोंबडी. कोंबडीची बरी होती, खोटं नाही सांगत. पण लेखकानं सगळी भिस्त त्या शेवटच्या ओळीवर ठेवलेली असते आणि आधीच्या दहा पानांत काहीही घडत नाही.

दुसरी तक्रार बोलीची. आपल्या भागातल्या लेखकांच्या कथेतही सरपंच 'काय करायलाव रे' म्हणतो आणि यानातून उतरलेला झोर्क म्हणतो, 'हे मानवा, आम्ही तुमच्या वसुंधरेवर शांततेचा संदेश घेऊन अवतरलो आहोत.'

साडेतीन_किलो_ज्वारी

ते आधी सदाशिव पेठेत उतरतात ना. भाषा शिकून, दुपारी एक ते चार झोप काढून मग इकडं येतात.

कापूसकोंड्या

म्हणूनच संध्याकाळी हल्ला करतात होय!

गोदातीर_परभणी

माझं शिक्षण कीटकशास्त्रात झालंय म्हणून वेगळा कोन टाकतो.

कापसातल्या बोंडअळीसाठी ट्रायकोकार्ड मिळतं, बऱ्याच जणांनी वापरलं असेल. पोस्टकार्डासारखा कागद, त्यावर पतंगाची वीसेक हजार अंडी चिकटवलेली, आणि त्या प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामा नावाच्या गांधीलमाशीच्या कुळातल्या कीटकाचं पिल्लू. कार्डाच्या पट्ट्या कापायच्या आणि पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. अर्ध्या मिलिमीटरच्या माद्या बाहेर पडतात, बोंडअळीचं अंडं हुडकतात, आणि त्याच्या आत आपलं अंडं घालतात. आतलं पिल्लू अळीला जन्मायच्या आधीच खाऊन टाकतं. वरून बघितलं तर अंडं काळं पडलेलं दिसतं, बस.

आता हाच प्राणी माणसाएवढा करा आणि पैठणला उतरवा. ह्याहून भयंकर खलनायक कुणाला सुचायचा नाही. पण त्यात दुष्टपणा कुठं आहे? त्या मादीला दुसऱ्या कुठल्या रीतीनं आई होताच येत नाही. आणि शेतकरी तर तिला मित्रकीटक म्हणतो, पैसे मोजून आणतो. रेणापूरकर, तुम्हीही आणली असेल.

माझं म्हणणं एवढंच, की हौशी लेखकाला परग्रहवासीयाची कीव यावी असं वाटलं की तो त्याला माणूस करून टाकतो. मोठे डोळे, आई, रडणं. चेहरा दिला की काम झालं. चेहरा नसलेल्या, रडू न येणाऱ्या प्राण्याची कीव आणून दाखवा, मग मानतो.

रेणापूरकर

आणली आहे. कीव आली नाही.

पुण्यात_अडकलेला_बीडकर

दोन दिवस धागा वाचतोय, आज राहवलं नाही म्हणून लिहितो.

सगळे जण यानातल्याला मालक धरून चाललेत. तो मालक कशावरून? नाथसागरावर उन्हात उभं राहून पाणी उपसणारा मालक असतो का कुठं?

माझ्या चुलत्या-चुलतीचं अर्धं आयुष्य उसाच्या पट्ट्यात गेलं. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असायची, कुणाच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी ज्या गावात उतरायची त्या गावाला आम्ही परकेच. सुट्टीत मी जायचो म्हणून आठवतं, विहिरीवर घागर घेऊन गेलं की बायका आपली भांडी मागं ओढून घ्यायच्या. आणि ज्याचा ऊस तोडायचा तो माणूस चांगला आहे की वाईट, त्याच्या घरात कोण आजारी आहे, ह्याच्याशी चुलतीला काही घेणंदेणं नसायचं. पहाटे फडात उभं राहायचं आणि गाडी भरेस्तोवर मोळ्या बांधायच्या. कुणी तिला 'तुला आमच्याबद्दल काहीच वाटत नाही का' असं विचारलं असतं तर ती हसली असती.

पाटकरी, तुमच्या परग्रहवासीयाला माणसं मेल्याचं सोयरसुतक नाही म्हणता. नसणारच. त्याची उचल फिटायचीय. आणि पिल्लू यानात का आहे ते तुम्ही सांगितलेलं नाही, पण मला दिसलं. घरी ठेवायला कुणी नाही म्हणून कामावर आणलंय. आमच्याकडं साडीची झोळी बांधतात फडाच्या कडेला.

पिल्लू काढू नका राव.

वारुळातली_मुंगी

हे लिहा! कुणीतरी हे लिहा! पाटकरी नसतील लिहिणार तर बीडकरदादा, तुम्ही लिहा.

रेणापूरकर

चांगलं लिहिलंय, डोळ्यात पाणी आलं. पण मला सांगा, फडावर कोयता घेऊन आलेला ऊस तोडतो, त्यासाठी कारखान्यानं बोलावलेलं असतं. माझ्या रानात गोगलगायीला कुणी बोलावलं? नाथसागरावर त्या यानाला कुणी बोलावलं? मजूर असला म्हणून धरण रिकामं करायचा हक्क पोचतो का? गरीब केला की सगळं माफ, हे मला जमत नाही. मुकादमाला आणा कथेत आणि त्याला पाडा.

पुण्यात_अडकलेला_बीडकर

मुकादम कधी फडात सापडत नाही काका. तीच तर गंमत आहे.

आजोळ_कंधार

जरा जपून लिहिते. कृपया कुणी ह्यावरून राजकारण काढू नये.

माझी आजी रझाकारांच्या काळात दहा-अकरा वर्षांची होती. १९४८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या गावात टोळी आली. त्यातला एक जण वाड्याच्या ओसरीवर बसला. त्यानं पाणी मागितलं. बूट काढला. टाचेला मोठा फोड आलेला आणि तो फुटलेला. त्यानं आजीला खोबरेल मागितलं, घाबरून तिनं वाटी आणून दिली. त्यानं तेल लावलं, फडकं गुंडाळलं, 'बेटी' म्हणाला. आणि मग उठून त्याच माणसानं कणगीतलं धान्य गाडीत भरायला लावलं आणि मागची कडब्याची गंज पेटवून दिली.

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा फोड हमखास असायचा. फडकं कुठल्या रंगाचं तेही सांगायची. पण माफ केलं असं कधी म्हणाली नाही, उलट 'मेल्याला तेल दिलं मी' म्हणून चरफडायची. आम्हा नातवंडांना मात्र त्या फोडामुळंच जास्त भीती वाटायची. नुसता तलवारवाला राक्षस असता तर गोष्ट झाल्यावर झोप लागली असती.

म्हणून मला वाटतं, पाटकरी, ह्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. खलनायकाला जवळून दाखवणं वेगळं, त्याची बाजू घेणं वेगळं. पिल्लाला पाणी पाजणारा पुढच्या पानावर भोयाच्या पोराला बुडवतो, हे अंगावर यायला पाहिजे. पिल्लू काढलंत तर तेवढं अंगावर येणार नाही.

साडेतीन_किलो_ज्वारी

आज ज्वारी गप्प. नमस्कार घ्या आजींना.

मास्तर_भौतिक

कंधारताईंचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि त्याला जुना आधारही आहे. एच. जी. वेल्सची 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही इंग्रजी कादंबरी १८९८ ची. परग्रहावरून हल्ला ह्या प्रकाराची पणजीच म्हणा. त्यातले मंगळवासी माणसाचं रक्त शोषतात, त्यांना कुठं गोड केलेलं नाही. पण पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण करून देतो, की युरोपातून गेलेल्यांनी त्यांना पन्नासेक वर्षांत संपवलं, तेव्हा मंगळवासीयांना नावं ठेवताना जरा विचार करा. लंडनच्या वाचकाला हे सांगायला धाडस लागतं. आणि एवढं सांगूनही पुढं भीती तसूभर कमी होत नाही. पूर्ण पुस्तकात मंगळवासीयाचं पिल्लू पाणी पीत नाही, तरी त्यांची बाजू आपल्या डोक्यात राहते.

म्हणजे कारण पटलं पाहिजे हे माझं पहिलं म्हणणं मी सोडत नाही. फक्त ते कारण दुःखी असायलाच पाहिजे असं नाही.

कापूसकोंड्या

पाटकरी, मी काय म्हणतो, कथा टोपणनावानं पाठवा. यान पाडलं म्हणून वहिनी जेवायला वाढायच्या नाहीत.

मास्तर_भौतिक

टोपणनावाला तर मोठी परंपरा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ह्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ते निघाले जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून घेतली होती, परीक्षकांनी नावावर जाऊ नये म्हणून.

साडेतीन_किलो_ज्वारी

माझी उलटी केली तर ज्वारी किलो साडेतीन होतं. दुकानाची पाटी वाटते.

अंकवाली

गाडी रुळावर आणते. पाटकरी, तुम्ही मला कथेचा कच्चा खर्डा निरोपातून पाठवलात, तो रात्री वाचला. तुमची परवानगी आहे म्हणून इथंच लिहिते.

पिल्लाचा प्रसंग दीड पानाचा आहे आणि तुमच्या कथेतलं सगळ्यात चांगलं लिखाण तेच आहे. नरसाळ्याची कड कशी थरथरते, पिल्लू अर्धं पाणी सांडतं, मग मोठा ते सांडलेलं पुन्हा ओढून घेतो, कारण वाया घालवायचं नसतं. हे तुम्ही बघून लिहिलंय. भोयाचा पोरगा कथेत तीन वेळा येतो. पहिल्यांदा 'भोयाचा चुणचुणीत मुलगा', दुसऱ्यांदा 'तो मुलगा', तिसऱ्यांदा मरतो. त्याला नाव नाही. तो काय करतो, काय खातो, बापाशी कसा बोलतो, काही नाही. वाचकाला तुम्ही पिल्लू पाणी पिताना दाखवलंत आणि पोरगा फक्त मरताना दाखवलात. मग वहिनी कुणासाठी रडतील?

तुम्हाला खलनायकाची कीव कमी करायचीय ना? खलनायकाला हात लावू नका. पोराला दीड पान द्या.

वारुळातली_मुंगी

+१. वाचनखूण साठवली.

गोदातीर_परभणी

पटलं. तरी माझं चेहरा नसलेल्या प्राण्याचं आव्हान अजून शिल्लक आहे हे नम्रपणे नोंदवतो.

रेणापूरकर

ताई, हे बरोबर बोललात. आमच्याकडं नुकसानीच्या बातम्या येतात तेव्हाही असंच होतं. 'इतके हेक्टर बाधित'. हेक्टरसाठी कोण रडतं?

पैठणचा_पाटकरी

सगळ्यांचे आभार. दोन रात्री त्या पोरावर बसलो. नाव ठेवलं गण्या. सातवी नापास. थर्माकोलच्या चप्पूवर एकटा पुढं जाऊन जाळं उचलतो, चिलापी निघाली की शिव्या देतो कारण भाव नाही, रोहू निघाली तर बापाला न सांगता एक बाजूला ठेवतो आणि धरणावर फिरायला आलेल्यांना विकतो. त्या पैशातून मोबाइलचा रिचार्ज. पातळी उतरल्यावर त्याच्या आज्याच्या गावातलं मारुतीचं देऊळ वर येतं, तेव्हा तो पहिला आत जातो आणि तिथंही जाळं लावतो.

हे लिहिल्यावर मला एक अडचण आलीय. आता गण्याला मारावंसंच वाटेना.

पिल्लाचा प्रसंग ठेवला. मुकादमाचं मात्र नाही घेतलं, बीडकर, ते तुमचंच आहे, तुम्हीच लिहा. आणि माझं मत अजून तेच आहे. यान पाडायलाच पाहिजे, पाडणारा चुकत नाही.

पुण्यात_अडकलेला_बीडकर

लिहायला घेतलंय. मुकादमाचं नाव झोर्क ठेवणार नाही, शब्द देतो.

रेणापूरकर

पाडा, पण आता पिल्लूही लक्षात राहणार आणि गण्याही. मी वाचक म्हणून कुणाकडून उभा राहू? पूर्वीच्या गोष्टींत हे बरं असायचं, कळायचं तरी.

आजोळ_कंधार

गण्याकडूनच उभे राहा काका. फक्त पिल्लू दिसलं नाही असं म्हणू नका.

मास्तर_भौतिक

पाटकरी, यान पाडण्यावर मघापासून विचार करतोय. एक आकडा तुम्ही विसरताय. समजा त्यानं दहा टीएमसी पाणी पोटात घेतलंय आणि तुम्ही ते धरणाच्या भिंतीजवळ पाडलंत. ते पाणी तासाभरात खाली आलं तर प्रवाह होतो २७ लाख क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला २७ लाख घनफुटांच्या पुढं. २००६ च्या ऑगस्टमध्ये अडीच लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग केला होता तर पैठण शहरात पाणी शिरलं होतं. तुम्ही त्याच्या दहापट वर नेताय. धरणाचे २७ दरवाजे एकदम उघडले तरी हे पेलायचं नाही, आणि भिंत राहील की नाही हा वेगळाच प्रश्न. पैठण, पुढं गंगाखेड, नांदेड.

तुमचा शाखा अभियंता असेल तर हा हिशेब त्याला तोंडपाठ असणार. यान पाडायच्या आधी त्याला पैठण रिकामं करावं लागेल, आणि तेवढा वेळ मिळायचा तर परग्रहवासीयांशी काहीतरी बोलावंच लागेल. म्हणजे वाटाघाटी आल्या. त्या कोण करणार? नरसाळ्याच्या जवळ आत्तापर्यंत फक्त एकच जण गेलाय, गण्या.

पैठणचा_पाटकरी

अहो मास्तर! शब्दमर्यादा तीन हजारांची आहे.

अंकवाली

साडेतीन देते. पण महिनाअखेरच्या आत पाहिजे, आणि युनिकोडमध्ये. मागच्या वेळी कुणीतरी हाताने लिहून फोटो पाठवले होते.

कापूसकोंड्या

कोंबडीचीच ना ती? मी नव्हतो.